पाच भोकांची शॅकल

६ मार्च १९८३, रविवार. लातूर.
सकाळी उठून सगळ्यांची विचारपूस केली. बायकोला, गंगम्माला विचारलं, गुडघे कसे आहेत? म्हणाली, होते तिथंच हायत. म्हशीला विचारलं, तिनं तोंड फिरवलं. या दुष्काळात तिच्यापुढं वैरण तरी किती पडते, तिचा दोष नाही. हातपंपाला विचारलं, नुसती हवा. फियाटला विचारलं, मागच्या कमानी, म्हणजे पाट्यांच्या स्प्रिंगा, कुरकुरल्या. मी स्वतः ठणठणीत.
लेक शिवकांताची खबर सासरहून, निलंग्याहून कार्डानं आली. सातवा लागला. पोर बरी आहे, पण डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, धक्का बसता कामा नये. मागच्या खेपेला पाचव्यातच गेलं होतं. त्यावर जास्त लिहीत नाही.
बाळंतपण माहेरीच. तिला भाऊ नाही, आणायला बापानंच जायचं. गंगम्मा म्हणते एसटीनं आणू, ड्रायव्हरच्या मागची सीट धरू. दारात गाडी असताना एसटी! हे तिच्या डोक्यातलं नव्हे. कुणीतरी भरवलंय.
निश्चय: पाळण्यासारखी चालेल अशी गाडी मी स्वतः करीन.

८ मार्च, मंगळवार.
युक्ती सापडली. मागच्या कमानीचं टोक ज्या लोखंडी कडीत लोंबतं, तिला गॅरेजवाले शॅकल म्हणतात. कंपनीच्या कडीची उंची ठरलेली. मी पाच भोकांची करणार. खालच्या भोकात बोल्ट टाकला की गाडी उंच, वरच्या भोकात टाकला की बसकी. जसा रस्ता तसं भोक. असं कंपनीला का सुचलं नाही? सुचलं असेल. दाबून ठेवलं असेल.
नरसिंग लेथवाल्याकडं नकाशा नेला. म्हणाला, अप्पा, पाच भोकं कशाला, लोखंडाची चाळणी करायची हाय का? फार चौकशा करतो. नकाशा परत घरी आणला. रोज नेणार, रोज आणणार.

११ मार्च, शुक्रवार.
शेजारचा माणिकप्पा कापडवाला सकाळी कुंपणाशी उभा राहून दात घासत होता. तोंडात दात सात-आठ, आणि काडी अर्धा तास. नजर गाडीखाली. काय करलालाव, गुरुपादप्पा? म्हणे. मी म्हणालो, सावलीला पडलोय. म्हणाला, सावलीला पडताव तर हातात पाना कशाला?
लातूरचा आता जिल्हा झालाय. साहेब लोक येतील, जुन्या गाड्या घेऊन येतील. हे सामान ज्याच्या हाती, त्याची चांदी. माणिकप्पाला हे कळतं.
गाडीवर चादर टाकली. गंगम्मा म्हणाली, अंथरुणातली बरी सापडली.

१४ मार्च, सोमवार.
शॅकली बसवल्या. कसूर नको म्हणून गवंड्याची पाण्याची नळी आणून गाडीची पातळी बघितली. नळी भरायला घागरभर पाणी गेलं, त्यावरून जे ऐकलं ते इथं लिहीत नाही. डावी बाजू चार बोटं खाली! संशय होताच. त्या बाजूला नेहमी गंगम्मा बसते. डावीकडं बोल्ट सगळ्यात खालच्या भोकात घातला, उजवीकडं सगळ्यात वरच्या. आता गाडी ताटासारखी सपाट.
गंगम्मा म्हणाली, अहो, अंगणच उताराचं हाय की. न्हाणीचं पाणी लिंबोणीला जावं म्हणून तुम्हीच नाही का माती ओढली?
आजवर या बाईनं पातळीवर अवाक्षर काढलं नव्हतं. माणिकप्पाच बोलतोय तिच्या तोंडून.

१६ मार्च, बुधवार.
गावाबाहेरच्या नव्या रस्त्यावर चाचणी. गाडी उजवीकडं झुकते. म्हणजे ठेकेदारानं रस्त्याच्या उजव्या अंगाची खडी खाल्ली. गाडी वळवून त्याच रस्त्यानं परत आलो. तरी उजवीकडंच. म्हणजे जाताना एक अंग खाल्लेलं, येताना दुसरं. केवढी टोळी असेल!

१९ मार्च, शनिवार.
मी आत आलो की गंगम्मा आणि माणिकप्पा बोलायचे थांबतात. "निलंगा" आणि "साडेदहाची गाडी" एवढं कानावर आलं. एसटीचा कट शिजतोय. त्याआधी परवा सोमवारी मी निघणार. गंगम्मा म्हणाली, मग मी बी येते. नजर ठेवायला, दुसरं काय.

२१ मार्च, सोमवार. दुपार. लामजना पाटी, रस्त्याच्या कडेला.
निलंग्याहून वेळेत निघालो. शिवकांता मागं उशा लावून, शेजारी गंगम्मा. विहीणबाईंनी ज्वारीचं पोतंही आत सारलं. गाडी उजवीकडं कललेली. शिवकांता हसून म्हणाली, अप्पा, तुमच्या अंगावर यायलेय मी. थोड्या वेळानं गंगम्मा म्हणाली, काय तरी जळलंय. मी म्हणालो, कुणी धसकटं जाळत असेल. जळत होता आपलाच उजवा टायर, पत्र्याला घासून. मग धाडकन फुटला.
शिवकांतानं पोट धरलं. अप्पा, एवढंच म्हणाली. मी दार उघडलं. खाली उतरून रस्त्यावरच बसलो. गंगम्मा तिचा हात धरून विचारत होती, कळ येती का, ओलं वाटतंय का? न्हाई आई, न्हाई, घाबरले नुसती.
तेवढ्यात लातूरची एसटी आली. गंगम्मानं आडवी होऊन थांबवली. कंडक्टरनं ड्रायव्हरमागच्या सीटवरच्या माणसाला उठवलं. शिवकांता म्हणाली, अप्पा, तुम्ही बी चला. मी म्हणालो, गाडी उघड्यावर टाकून? शॅकल काढून नेतील. गंगम्मानं उशा उचलल्या आणि एसटीत चढली. तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

तोच दिवस, पाच वाजता.
पहारा देतोय. एक मेंढक्या आला, काडीपेटी मागून गेला. एक जण वाकून गाडीखाली बघू लागला, मी दबा धरला. तो करडू शोधत होता. शॅकल काढून डिकीवर ठेवली, मुद्दाम चहाच्या टपरीत जाऊन बसलो. कुणी ढुंकून बघितलं नाही. समोर चहाचा ग्लास सरळ, पलीकडं गाडी तिरकी. रस्ता तिरका म्हणावा, तर ग्लासही तिरका दिसायला हवा.
माघारी आलेल्या एसटीच्या कंडक्टरनं सांगितलं, बाईंनी निरोप दिलाय, लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी बघितलं, दोन्ही जीव धड हायत. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. धुळीनं.
आताच लातूरकडच्या गाडीबरोबर चिठ्ठी धाडली. नक्कल:
"सौ. गंगम्मा, लेकीला दूध दे, माझ्या वाटणीचंही दे. इथं सामानाला कुणी हात लावत नाही. मीच उचला म्हणालो, तरी टपरीवाला नको म्हणाला. मी आता एसटीनं येऊ का? शेवटची गाडी सातला आहे. त्याआधी उलट चिठ्ठी धाड. लवकर."