गोठ्यातलं वाचन

निरवांगी, रविवार

ती. बाबांना स्वरूपाचा खणखणीत नमस्कार!

जिंकले! अक्षरं जुळवताना रडणारी माझी तिसरीतली संस्कृती काल वर्गात अख्खा धडा घडाघडा वाचून गेली.

“घरी रोज हिचं वाचन ऐका,” म्हटलं, तर तिची आई माझ्यावरच उखडली होती, “बाई, धारा काढू का हिचं ऐकत बसू?” मी म्हटलं, धारा काढतानाच ऐका!

काल तीच माउली शाळेत हजर. “पुस्तक संपलं. दुसरं द्या. हिनं वाचल्याबिगर म्हस पान्हवत न्हाय!”

माझा ताप उतरलाय, जेवतेही वेळेवर. आईचे गुडघे कसे आहेत?

देवरुख सोडून इतक्या लांब जातेस, तिथं तुझ्यावाचून कुणाचं अडलंय, असं विचारलं होतंत ना? म्हशीचं अडलंय, बाबा!

तुमची हट्टी लेक,
स्वरूपा