थेल्माने तिरकं बसवलेलं मीटर

सौ. म्यूरिएलताई हिस,
धाकट्या विनीचा नमस्कार. तुझा गुडघा, नॉर्मनभाऊजींचा खोकला आणि कोंबड्या, सगळे ठीक असतील अशी आशा करते. प्रार्थनेत तिघांचीही नावं रोज घेते (कोंबड्यांची एकत्रित). इथे प्रभुकृपेने सर्व क्षेम आहे. निदान मी तरी तसंच म्हणायचं ठरवलं आहे.

शेजारच्या थेल्मा हॅडफील्डबद्दल मागे लिहिलं होतं, ती विधवा, पायजमा घालून चॅपलच्या सेलला आली होती ती. तिचा नवरा मोटारींच्या शर्यती खेळायचा. तो गेल्यावर त्याच्या गाडीतलं ऑइल प्रेशरचं, म्हणजे इंजिनातल्या तेलाचा दाब दाखवणारं, मीटर तिने आमच्या ह्यांना भेट दिलं, आणि स्वतः येऊन आमच्या छोट्या गाडीत बसवूनही दिलं. तेव्हापासून आमच्या घरात तिसरं माणूस राहायला आलं आहे. शेडमध्ये इंजिन चालू करून हे त्या काट्याकडे असं बघत बसतात की विचारू नकोस. त्याला जरा थरथर सुटली की ह्यांचा चेहरा उतरतो. ईस्टरला मला घेरी आली तेव्हा मात्र "जरा बस" म्हणाले आणि पुन्हा बॉनेटमध्ये डोकं घातलं. इंजिनाला वर्षातून चार वेळा ताजं तेल, आणि मी चपलेला टाच लावून घ्यायची म्हटलं तर "अजून चालेल की". तेलाचा खर्च मी हिशेबात दानधर्माच्या खात्यावर टाकते. दुसरं कुठलं खातं मनाला पटेना.

तर गेल्या शनिवारी जुन्या विमानतळावर ह्यांची शर्यत होती. (रविवारची असती तर मी गेलेच नसते, हे तुला ठाऊक आहे.) थेल्मा अर्थातच आली. भिंतीपाशी ह्यांना फेरीची वेळ दाखवायची पाटी धरून उभं राहायचं, इंजिनाचा आवाज ऐकून मान डोलवायची, ही तिची कामं. सँडविचं आणि थर्मास ही माझी. सकाळचा सराव झाला, आणि माझी हॅम सँडविचं खाऊन दोघं वेळांची यादी बघायला निघून गेली. मला म्हणाले, "विनी, गाडीपाशी थांब."

थांबले. रिकामं बसवत नाही म्हणून फडकं घेऊन आतली धूळ पुसायला लागले, तर काय दिसावं? थेल्माने मीटर चक्क तिरकं बसवलेलं. तबकडीवरचे आकडे कुशीवर झोपलेले. ताई, खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. इतकी हुशार बाई, आणि साधी तबकडी सरळ लावता येत नाही. मागचा नट बोटांनीच सैल झाला. चॅपलमधली तसबीर करते तशी मी ती सरळ केली, नट आवळला, आणि कुणाला काही बोलले नाही. ह्यांनी आपणहून बघावं आणि विचारावं, एवढीच इच्छा.

शर्यत सुरू झाली आणि दुसऱ्या फेरीत आमचे हे सगळ्यांच्या पुढे! अकरा वर्षांत कधी नाही ते. मी स्तोत्र पुटपुटायला लागले. तिसऱ्या फेरीत वळणाच्या अलीकडे गाडी एकदम गवतात शिरली आणि थांबली. बाकीचे भुर्रकन निघून गेले.

गाडी दोरीने ओढून आणली. हे पांढरेफटक. सुरुवातीला काटा ताठ होता, मग डावीकडे पडत गेला, म्हणजे तेल गेलं, म्हणून इंजिन वाचवायला बंद केलं म्हणे. थेल्माने आत डोकं घातलं.

"क्लिफर्ड, आकडा वाच की. प्रेशर चांगलं आहे."

तेव्हा कळलं. शर्यतीत आकडे वाचायला सवड नसते. म्हणून ही मंडळी तबकडीच मुद्दाम फिरवून ठेवतात, म्हणजे तेल गरम होऊन इंजिन नीट चाललं असलं की काटा बरोबर वर. नुसती नजर टाकायची. कलला की आजार. मी सरळ केल्यावर थंड, घट्ट तेलाच्या चढ्या प्रेशरने काटा वर दिसला, आणि तेल तापून जागेवर आलं तेव्हा ह्यांना वाटलं सगळं संपलं.

थेल्माने माझ्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "माझाच नट ढिला राहिला असेल. फिरलं असेल आपोआप."

आणि हे काय म्हणाले असतील? "जाऊ दे गं. होतं असं." अगदी मऊ आवाजात. पहिला नंबर घालवणाऱ्या बाईला! मी एकदा अंडं जास्त उकडलं तर दोन दिवस ऐकलं आहे. म्हणजे मीटर तिचं, मान डोलवणं तिचं, आणि आता माझी चूकसुद्धा तीच घेऊन जाणार? मला राहवेना.

"ते मी केलं," मी म्हटलं. "तिने काही केलेलं नाही. मी फिरवलं."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. ताई, काट्याकडे बघतात ना, तसं पाहिलं, अगदी डोळ्याची पापणी न हलवता. मग म्हणाले, "सरळ मात्र एकदम बरोबर लावलं होतंस." परत येताना थेल्माला मागे बसवलं, थर्मासशेजारी.

सर्वांना आशीर्वाद आणि नमस्कार. थेल्माचं मन मोठं आहे हे मला मान्य आहे, पण ते एवढं दाखवायची गरज नव्हती.

तुझी,
विनी

ता. क. भाऊजींच्या जुन्या व्हॅनमधलं मीटर पडून असेल तर पाठव. तिचं तिला परत करायचं आहे.

ता. क. पुन्हा. मीटर राहू दे. काल ह्यांनी मला शेडमध्ये शेजारी बसवलं, इंजिन चालू केलं, आणि विचारलं, "विनी, काटा कसा आहे?" पुढच्या शर्यतीपर्यंत रोज संध्याकाळी हे काम माझं. मी म्हटलं, "ताठ आहे." तुझ्या खणात आईचा चष्मा आहे ना, तो तेवढा लगेच पाठव. मला तबकडीच दिसत होती, काटा कुठे होता देव जाणे. आणि हे थेल्माला कळता कामा नये.