तिसऱ्या टपलीला तुटलेला थर

प्रिय अविनाशदादा,

काल तुमच्या अनयाचा फोन आला. कोलोरॅडोतल्या हिमस्खलनाच्या कोर्सला तिने नाव दिलंय. तुम्ही आणि मी केला होता तोच. “काका, विल यू बी माय पार्टनर?” पाठोपाठ वहिनींचा फोन. “तू नाही म्हटलंस तर ऐकेल ती. माझं नाही ऐकत.”

दोघींनाही मी म्हणालो, शनिवारी येतो, मग बोलू. पण त्या दिवशी डोंगराच्या धारेवर आपल्यात काय बोलणं झालं, ते आपल्या दोघांशिवाय कोणालाच माहीत नाही. म्हणून आधी तुम्हाला लिहितोय.

हर्नडनच्या ऑफिसात माझा पहिलाच आठवडा होता. “नागपूरचा ना? थंडी म्हणजे काय ते दाखवतो तुला,” असं म्हणून तुम्ही मला स्कीवर उभं केलंत. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे होतात. त्या दिवसापासून मी तुम्हाला दादा म्हणू लागलो, आणि दरवर्षी फेब्रुवारीत तुमच्या मागोमाग डोंगरात येऊ लागलो.

कोर्समध्ये शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलेला एक नियम आठवतो? गटातल्या कोणीही नाही म्हटलं की सगळ्यांनी परत फिरायचं. कारण विचारायचं नाही. तेव्हा तुम्ही माझ्या कानाशी पुटपुटलात, “आपल्याकडे हा नियम असता तर एक लग्न झालं नसतं.” मला हसू आवरेना. त्या आपल्याकडे बघत राहिल्या.

त्या सकाळी हिमस्खलनाच्या बुलेटिनमध्ये धोका पाचपैकी तिसऱ्या पातळीचा होता. धारेवर मी थर तपासायला बर्फात खड्डा खणला. तुम्ही चहाचा थर्मास घेऊन वर बसला होतात. “झालं का उत्खनन? मडकी-बिडकी सापडली?”

मडकी नव्हती. वर वाऱ्याने दाबलेला घट्ट बर्फ होता आणि तळाशी साखरेसारखे सुटे कण. मी बर्फाचा खांब मोकळा केला, त्यावर फावडं ठेवलं आणि बोटांनी टपल्या मारल्या. तिसऱ्या टपलीला वरचा थर सरळ सरकून माझ्या मांडीवर आला. मनगटातून दहा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा अशा तीस टपल्यांची ती चाचणी; जितक्या लवकर थर तुटेल तितका धोका जास्त. मी तिसरीलाच थांबलो होतो.

“तिसऱ्यालाच तुटला, दादा.”

“तुझ्या खांबाएवढा नसतो रे डोंगर. काय, जायचं ना?”

मी म्हणालो, “तुम्ही म्हणाल तसं.”

मला जायचं नव्हतं. पण तुम्ही बूट आवळायला वाकला होतात, आणि तुम्हाला नाही म्हणणं मला कधी जमलं नव्हतं. ऑफिसात नाही, तुमच्या घरी जेवताना तिसऱ्यांदा वाढलंत तेव्हाही नाही.

तुम्ही चौथं वळण घेतलंत आणि धप्प असा आवाज आला. अख्खा उतार भेगाळला. अंगावरच्या बीकनच्या सिग्नलमुळे तुम्ही लवकर सापडलात. दीड मीटर खाली होतात. खणायला वेळ लागला.

नंतर चौकशीला आलेल्या माणसाने थर विचारले, उताराचा कोन विचारला. मी सगळं नीट सांगितलं. शेवटी त्याने विचारलं, “तुम्ही दोघांनी यावर चर्चा केली होती का?” मी हो म्हणालो. त्याने तसं लिहून घेतलं. अ‍ॅशबर्नच्या हॉलमध्ये तुमच्या शोकसभेला सगळे जमले, तेव्हा एक काका माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “तू होतास म्हणून निदान सापडला तरी.” मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, रडतोय.

दादा, तुमच्यावर राग आहे माझा. तो नियम तुम्हीही ऐकला होतात. ‘हो’शिवाय दुसरं काही ऐकायचं नव्हतं, तर मला विचारलंत कशाला? की माझ्याकडून ‘नाही’ यावं, याची वाटच बघत होतात? बूट आवळायला तुम्हाला जरा जास्तच वेळ लागला होता. हे मला आता आठवतं, की आता मी तसं ठरवतोय, ते कळत नाही.

वहिनींना वाटतं, मी अनयाला अडवावं. अडवेनही कदाचित. पण माझं तोंड उघडायचंच असेल, तर ते आधी या गोष्टीसाठी उघडलं पाहिजे.

शनिवारी तुमच्या घरी येईन आणि दोघींना समोर बसवून सांगेन. खांब कितव्या टपलीला तुटला, तुम्ही काय विचारलंत, मी काय म्हणालो. ‘चर्चा’ हा शब्द वापरणार नाही. वहिनींनी पुन्हा येऊ नकोस म्हटलं तर येणार नाही. अनयाला दुसरा पार्टनर शोधावासा वाटला तर तिची समजूत घालणार नाही.

आणि हे सगळं ऐकूनही ती माझ्याबरोबर यायला तयार झाली, तर माझी एकच अट राहील. डोंगरावर तिने मला काका म्हणायचं नाही. संदीप म्हणायचं.

तुमचा,
संदीप