वंदनाच्या तुकड्यावरचं ऊन

१९ एप्रिल
गावकीचा मांडव आमच्याकडे आला. आमच्या पल्लवीचं लग्न २६ ला. गावातल्या प्रत्येक लेकीच्या साडीचा तुकडा तिच्या लग्नात मांडवाच्या काठाला जोडायचा, ही इथली रीत. पल्लवीचा पिवळा तुकडा जोडायला घेतला आणि मशीनच्या सुईखाली शेजारचं कापड टरकन फाटलं. नेमका वंदनाचा तुकडा. माझी नणंद, लग्नानंतर थोड्याच दिवसांत गेली. गर्द जांभळा होता, आता राखेसारखा झालाय. सासूबाईंना सांगितलं नाही. मशीन बंद केलं.

२० एप्रिल
शाळेतून आल्यावर पुन्हा पाहिलं. शिलाईत दुमडलेलं जांभळं अजून तसंच आहे, चिवटही. म्हणजे कसर लागलेली नाही, हे ऊन! मांडव कायम देवळापुढं, तुकड्यांचा काठ पश्चिमेला, दुपारचं सगळं ऊन त्यावर. वर प्रत्येक लग्नानंतर मांडव धुऊन गच्चीवर कडक उन्हात टाकायचा, टिकावा म्हणून. मीपण टाकलाय की. शहाण्याच आम्ही.

२१ एप्रिल
आदिलाबादहून उन्हासाठी हिरवी जाळी आणली. मांडवाच्या वर हातभर जागा सोडून बांधू. पण विरलेलं त्यानं थोडंच जुळणार? दोरीचा ताण त्याच काठावर. एक तर तो काठ कापायचा, नाहीतर मांडव फिरवून तो मागे देवळाच्या भिंतीकडे घ्यायचा. सासूबाईंना सांगावंच लागलं.
"काऊन फिरवता? माही वंदू काय भिंतीकडं तोंड करून बसन?"
"आई, वऱ्हाडासमोर फाटला म्हणजे? लोक अपशकुन म्हणतील."
"म्हणू दे. पण कापू नोको."
जेवल्या नाहीत. मीही चिडले. माझ्या लेकीचं लग्न आहे हो!

२३ एप्रिल
पल्लवी म्हणाली, "माझा तुकडा आत्याच्या खालून लाव. अस्तर होईल."
सा.बा. एकदम उठल्या. "नोको पोरी! तिचं नशीब तुह्या कपड्याले नोको."
पल्लवी ऐकेना. मशीननं आणखी फाटेल म्हणून दोघी हातानंच शिवत बसलो. सा.बा. दाराशी उभ्या, जवळ आल्या नाहीत. खरं सांगायचं तर मलाही प्रत्येक टाक्याला भीती वाटत होती. पोरीला कळू दिलं नाही.

२५ एप्रिल
मांडव चढला, वर जाळी. काठ पुढंच, वऱ्हाड येईल त्या बाजूला. संध्याकाळी वारा होता, तुकडा फुगत होता. उद्या लग्न लागलं की लगेच उतरवणार, यापुढं सावलीतच वाळवणार. उद्यापर्यंत तरी टिकू दे.

२६ एप्रिल, सकाळ
घाईत लिहितेय. वऱ्हाड गुडीहत्नूरहून निघालं, फोन आला. वारा कालच्यापेक्षा जास्त. दोऱ्या करकरतायत. सा.बा. नवं लुगडं नेसून, खुर्ची ओढत जाऊन बरोबर त्या काठाखाली बसल्यात. मी म्हटलं, "आई, तिथून उठा, पडेल अंगावर."
"पडू दे," म्हणाल्या. ओच्यातून सुईदोरा काढून दाखवला. "फाटलं तं मी शिवीन. दोघींचंही."
वाजंत्री ऐकू येतेय. मी...