भुरी हरवल्याची सूचना

दि. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. यातला साष्टांग कागदावरच मान्य करून घे. माझे गुडघे आता जमिनीला टेकतात ते फक्त गाजरांसाठी.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू मनचं ऐकतेस, म्हणून पत्र. हात थरथरायला लागल्यापासून पाट्या रंगवायचं काम सुटलं, हे तुला माहीतच आहे. थरथरत्या हाताने दुकानाचं नाव लिहिता येत नाही, पण दोरी ताणून बी पेरता येतं. मागच्या अंगणात मी चार वाफे केलेत. ओळी अशा सरळ की वाटावं, अक्षरांसाठी रेघा आखल्यात.

त्या ओळींवर शेजारच्या शिलाईवाल्या बाईंची मांजर, भुरी, येऊन बसते. नुसती बसली असती तर पाहुणचार केला असता. ती उकरते, आपला कार्यभाग उरकते आणि वरून माझंच बी माझ्याच मातीत गाडून जाते. गाजरं तीनदा पेरली, तिन्ही वेळा तेच. बाईंना भिंतीवरून सांगितलं, तर हसून म्हणाल्या की तिला वाचता येत असतं तर तुम्ही एक पाटीच रंगवली असती. मीही हसलो. आत येऊन मात्र पाण्याचा तांब्या आपटला.

तुझी तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात औषधं काढून देण्यात गेली. इजा न होता मांजर दूर राहील असं काही असेल तर लवकर कळव. माझा संयम आता बुडाला लागला आहे.

लोभ कमी करू नकोस. आधीच मी वाळलोय.
तुझा धाकटा,
गुंडू


दि. १० फेब्रुवारी

चि. गुंडूस,
अनेक आशीर्वाद. ऐकू येत नाही म्हणून मला चिडवलंस, त्याची वजाबाकी करून उरतील तेवढे घे.

अरे, मांजराला मऊ, कोरडी, भुसभुशीत माती लागते. तू तिच्यासाठी गादी अंथरलीस आणि वर तक्रार करतोस! बी पेरलं की वाफ्यावर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आडवी पसर आणि वर बोटभर माती टाक. रोप जाळीतून वर येतं, पंजाला मात्र उकरता येत नाही. कडेने छाटलेल्या काटेरी फांद्या ठेव. माती ओलसर राहू दे. आणि भिंतीजवळच्या कोपऱ्यात तिच्यासाठी वाळूचा एक ढीग कर. तिला जायला जागा हवीच, ती तू ठरव, म्हणजे ती ठरवणार नाही. डांबराच्या गोळ्या, तिखट असले उद्योग करू नकोस. पंजे चाटताना ते पोटात जातं.

आणखी एक, पुन्हा सांगणार नाही. मांजराला उचलून लांब नेऊन सोडायचं नाही. लोकांना वाटतं, मारलं थोडंच, सोडलं. अशी सोडलेली मी आमच्या टेबलावर पाहिलीत. घाबरून एका जागी दडून बसतात, खात नाहीत, दुसरी मांजरं त्यांना फाडतात. आणणारा म्हणायचा, कुणी सोडलं कोण जाणे. निम्म्या वेळा त्यानेच सोडलेलं असायचं.

तू तसं करणार नाहीस, हे माहीत आहे. लहानपणी मुंगीला वाट सोडून चालायचास.

जेवण वेळेवर करत जा. माया होती तशीच आहे.
तुझी ताई


दि. २० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तुझे उपाय रामबाण निघाले! जाळी घातली आणि गेल्या अकरा दिवसांत वाफ्यात एक पाऊल उमटलेलं नाही. गाजरं वर आली आहेत. पालक बरा आहे. हवा कोरडी आहे. माझा खोकला गेला.

इकडे विशेष काही नाही. शेजारच्या बाईंची भुरी बरेच दिवस दिसत नाही म्हणे. कुठे गेली असेल, येईल. बाई सूचना लिहून द्या म्हणून आल्या होत्या. माझं अक्षर सगळ्या गल्लीला माहीत, त्यामुळे नाही म्हणता येईना. वीस कागद लिहून दिले. हात जरा जास्तच थरथरला.

बाकी ठीक. तुझ्या कानाचं काय म्हणतात डॉक्टर?

लोभ असू द्यावा.
गुंडू


दि. २६ फेब्रुवारी

चि. गुंडूस,
आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी समोरच्या मास्तरीणबाईंना आणि खालच्या दूधवाल्यालाही सांगून आले की आमच्या गुंडूने एका मांजराला धक्का न लावता बाग राखली. रात्री चष्मा लावून पुन्हा वाचलं आणि जेवण गेलं नाही.

मी तुला लिहिलं दहा तारखेला. माझं पत्र तेराच्या आधी तुझ्या हातात पडणं शक्य नाही. तू वीस तारखेला म्हणतोस अकरा दिवस. अकरा दिवस मागे मोज. नऊ येते. नऊ तारखेला जाळीचा विचार माझ्याही डोक्यात नव्हता.

आणि तू, जो दोरी ताणल्याचं पानभर वर्णन करतोस, तो जाळी कुठून आणली, कशी कापली, हाताला लागली का, यातलं एक अक्षर लिहीत नाहीस? लहानपणी खोटं बोललास की तू असाच हवापाण्यावर यायचास.

मांजर कुठे आहे, गुंडू?

उलट टपाली उत्तर दे. माया आहे म्हणूनच विचारते आहे.
ताई


दि. ३ मार्च

ती. ताईस,
नमस्कार. साष्टांग लिहायला आज तोंड नाही.

मीच नेली. नऊ तारखेला दुपारी. चौथ्यांदा पेरलं होतं, आणि ती वाफ्याच्या बरोबर मध्ये बसून माझ्याकडे बघत होती. चिडून हाकललं असतं तर एक वेळ बरं झालं असतं. मी चिडलो नव्हतो. शांतपणे आत गेलो, रंगाचे डबे ठेवायची लाकडी पेटी रिकामी केली आणि तिला मासळीचा तुकडा दाखवला. ती माझ्यामागून आपल्या पायांनी आत आली. पेटी मांडीवर घेऊन बसने नदीपलीकडे लाकडाच्या वखारीपाशी उतरलो. शेजारच्या बाकावरच्या माणसाने आत काय म्हणून विचारलं, तर मी ब्रश म्हणालो. वाटेत ती एकदाही ओरडली नाही. झाकण उघडलं तरी बाहेर येईना. मला पेटी तिरकी करून तिला ओतावं लागलं. ताई, ओतावं लागलं.

घरी आलो, हात धुतले, जेवलो आणि झोपही लागली. चार दिवसांनी तुझं पत्र आलं. त्यातला तो परिच्छेद मी दोनदा वाचला आणि पत्र डब्यांखाली सारून ठेवलं. तेव्हाही जाता आलं असतं. तेव्हा चारच दिवस झाले होते.

पण तू मला अजून पुरतं ओळखलेलं नाहीस, पुढचं ऐक. बाई सूचना लिहून घ्यायला आल्या. माझ्याच खुर्चीत बसून त्यांनी मजकूर सांगितला. राखाडी रंग, डावा पुढचा पंजा पांढरा, कुकरची शिट्टी झाली की घाबरते, कुणाला सापडली तर घरात शिट्टी होऊ देऊ नका. मी ते सुबक अक्षरात वीस वेळा लिहिलं. माझा हात थरथरताना पाहून त्यांना वाटलं, मलाही भरून आलंय. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या की एवढं मनाला लावून घेऊ नका. मग कागद कुठे लावावेत असं विचारलं, तर मी म्हणालो बाजाराच्या बाजूला शोधा, मांजरं मासळीच्या वासाने तिकडेच जातात. वखार बरोबर उलट दिशेला आहे. त्या बाईंचे गुडघे माझ्याहून वाईट आहेत. रोज संध्याकाळी काठी टेकत त्या बाजारापर्यंत हाका मारत जातात आणि मी खिडकी लावून घेतो.

परवा त्यांनी मला एक सदरा आणून दिला. अक्षराबद्दल आभार म्हणून. मापं नजरेनेच घेतली असणार, कारण खांद्यात अगदी बरोबर बसतो. तो मी खुंटीला लावलाय आणि त्या खोलीत जाणं टाळतो.

गाजरं चांगली येताहेत. कशी आली म्हणून वाईट वाटतं.

काय करू, एवढं सांग. लोभाचं मागणं आज करत नाही.
गुंडू


दि. ८ मार्च

चि. गुंडूस,
आशीर्वाद.

तुझी समजूत घालणारं काही या पत्रात सापडणार नाही, शोधू नकोस.

काय करू हे तुला माहीत आहे. माझ्याकडून लिहून हवंय, म्हणजे बाईंपुढे उभं राहताना ताईने सांगितलं म्हणून आलो असं म्हणता येईल. तसं म्हणायचं नाही. हे पत्र खाली ठेव, चपला घाल आणि त्यांच्या दारात जा. आधी मांजर शोधतो आणि मग सांगतो, असलंही चालणार नाही. मांजर सापडलं तर सांगायची गरजच उरली नाही, असं तुला वाटेल. मी तुला ओळखते.

मग वखारीवर जा. भुरी जिवंत असेल तर फार लांब गेली नसेल. सोडल्या जागेजवळच कुठेतरी फटीत असेल. पहाटे, कामगार यायच्या आधी जा. बाईंच्या कातरकामाच्या चिंध्यांची टोपली बरोबर ने, तिला तो वास कळेल. धावायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. तुझ्या हाकेला ती का यावी? बसून राहा. उद्या पुन्हा जा. परवा पुन्हा.

मास्तरीणबाईंना आणि दूधवाल्याला मी खरं सांगून आले. तुझी बदनामी करायला नाही, फुशारकी मी मारली होती म्हणून. दूधवाला हसला. मास्तरीणबाई हसल्या नाहीत.

माया आटलेली नाही. पण आज ती दाखवत नाही.
ताई


दि. २५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र अकरा तारखेला दुपारी मिळालं. चपला घातल्या. बाई मशीनवर होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. पेटी, मासळी, बस, आणि बाजाराची दिशा. मशीन थांबलं. त्या ओरडतील असं वाटलं होतं, ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी फक्त तारीख विचारली. मग बोटांवर मोजलं. तीस दिवस, म्हणाल्या. आणि मान खाली ठेवूनच पुढे म्हणाल्या की मांजराचं एक वेळ समजेन, पण तुम्ही मला रोज चालताना बघत होता.

 

चिंध्यांची टोपली त्यांनी स्वतः भरून दिली. मी रोज पहाटेच्या पहिल्या बसने वखारीवर जाऊन ओंडक्यांच्या थप्पीसमोर बसायचो. राखणदाराने पहिल्या दिवशी हाकललं. दुसऱ्या दिवशी त्याला खरं सांगितलं, तर म्हणाला, एक राखाडी दिसते खरी मधूनमधून, पण अंगावर फिस्कारते. पाच दिवस काही नाही. सहाव्या दिवशी फळ्यांच्या फटीत डोळे दिसले. मी हललो नाही. तीही हलली नाही. घरी येऊन बाईंना कळवलं. सातव्या दिवशी त्या बरोबर आल्या. बसमध्ये पुढच्या बाकावर बसल्या, मी मागे.

त्यांनी हाकही मारली नाही. टोपलीशेजारी खाली बसल्या आणि कातरीने एक चिंधी कापायला लागल्या. त्या आवाजाला भुरी बाहेर आली. ताई, हाडांवर कातडं उरलंय. एक कान फाटलाय, मागचा पाय ओढते. बाईंच्या मांडीवर चढली आणि त्यांच्या कोपराखाली डोकं खुपसून राहिली. मी दहा पावलांवर उभा होतो. माझ्याकडे दोघींपैकी कुणीही पाहिलं नाही.

सूचना मी स्वतः काढल्या. दिवसाढवळ्या, एकेक. लोक विचारायचे, सापडली का, कुठे होती? मी सांगायचो, मीच नेऊन सोडली होती. वाण्याला ती थट्टा वाटली. त्याला दुसऱ्यांदा सांगताना फार जड गेलं.

आता जाळी खरोखर आणली आहे. कापताना अंगठ्याला लागली, हेही लिहितो. दोन वाफ्यांवर बसवली. भिंतीजवळ वाळू टाकली. पण येणार कोण? भुरी घरातच असते आणि माझ्या अंगणाकडची त्यांची खिडकी बंद असते. सदरा परत करायला गेलो, तर म्हणाल्या तुमच्या मापाचा आहे, दुसऱ्या कुणाच्या अंगाला यायचा नाही. तो घेऊन परत आलो.

आज सकाळी पाणी घालत होतो, तर ती खिडकी वीतभर उघडली. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच त्या आपणहून बोलल्या. म्हणाल्या, माफ केलंय असं समजू नका, मला ते जमेल की नाही ठाऊक नाही. पण उन्हाळा येतोय आणि खिडकी कायमची लावून बसता येणार नाही, तेव्हा राहिलेल्या दोन वाफ्यांवरही जाळी घालून घ्या. मी फक्त हो म्हणालो.  तारेची कात्री घेऊन तेव्हापासून अंगणातच आहे, हे पत्रही इथेच बसून लिहितोय.

लोभ आहे असं धरून चालायचा हक्क मी गमावलाय. असला, तर राहू दे.

तुझा धाकटा,
गुंडू