छत्तीस नंबरची दाढ

सोमवार, ३ तारीख
चिमे, तुझा गुडघा जिना चढू देतो का? मेहुण्यांचा खोकला? सूनबाईच्या उलट्या थांबल्या? बाळीचा कान? वही महिनाअखेर तुलाच पाठवायची, म्हणून तुझ्याशीच बोलतो. सत्तरीत भावाला नोकरी लागली बघ, दातांच्या दवाखान्यात. नोंदी लिहायच्या, बिलं करायची. डॉक्टरीणबाई लाघवी, आजोबाच म्हणतात. माझी कवळी पाहून हसल्या; म्हणे, एकही दात नसलेला माणूस दातांचा हिशेब निःपक्षपातीपणे ठेवेल.

मंगळवार, ४
काम सोपं आहे. दाढेचं मूळ कोरून आत औषध भरतात, वर तात्पुरतं सिमेंट. आठ दिवसांनी औषध बदलायचं. दर खेपेला विमा कंपनीचा नवा फॉर्म. इथली रीत मात्र उलटी: आधी नोंद, मग उपचार. लिहिलं ते करायचंच, असा बाईंचा दंडक. सरावाला एक फॉर्म माझ्याच नावाने भरला: खालची डावी दाढ, क्रमांक छत्तीस, औषध भरले. अक्षर झकास आलं. बाईंनी तो इतर फॉर्मांसोबत पाठवूनही दिला.

शुक्रवार, ७
कवळी डावीकडे बसेना. हिरडी टम्म. कवळी काढली तर तिला पिवळट बुळबुळीत तार आली, वास नासक्या अंड्याचा. दोनदा चुळा भरल्या, तिसऱ्यांदा ओकलो.

सोमवार, १०
हिरडी फाडून दाढ वर आली. बारा वर्षं तिथं काही नव्हतं, चिमे. आरशात नीट पाहिलं. दाढेच्या डोक्यावर पांढरं सिमेंट. कुणीतरी आधीच कोरलेली.

मंगळवार, ११
बाईंना विनवलं, फॉर्म रद्द करा. म्हणाल्या, आजोबा, गेलेली नोंद परत येत नसते. ‘उपचार पूर्ण’ लिहिलं तरच फाईल बंद. मग लिहितो म्हटलं, तर म्हणाल्या, औषध न बदलता पूर्ण कसं हो?

बुधवार, १२
म्हणून खुर्चीत बसलो. बाईंनी सिमेंट खरवडलं. आतून पू आला, आणि पुवात दात. तांदळाच्या कणीएवढे, ओले, मुळांसकट. चिमट्याने ताटलीत मांडून मोजले. सतरा. आत अजून आहेत म्हणाल्या. प्रत्येकाला मूळ, म्हणजे प्रत्येकाचा फॉर्म. लिहा.
नाही लिहिलं.

गुरुवार, १३
तरी येताहेत. टाळूला, जिभेखाली. घास गिळवत नाही, त्यात ते मिसळतात—

शुक्रवार, १४
बाई आत असताना लिहून टाकलं. छत्तीस. उपचार पूर्ण. कायमचे बंद.

शनिवार, १५
बाईंनी वाचलं. रागावल्या नाहीत. लिहिलंय तर करायला हवं म्हणाल्या. पण इतक्या दातांत छत्तीस कुठला, ते त्यांना उमगेना. म्हणून सगळंच तोंड—
सिमेंट कालवताहेत. अर्धं भरलं. आत ते जीभ कुरतडताहेत—
चिमे, लवकर लिही. पत्रच लिही, फोन नको, मला बोलता ये—