आईच्या उरलेल्या गोळ्या

ती. ताईस धाकट्याचा नमस्कार.

तुझे रिपोर्ट चांगले आले हे वाचून जीव भांड्यात पडला. आईलाही बीपी होतं, म्हणून ती गेल्यावर उरलेल्या तिच्या गोळ्या वाया जाऊ नयेत यासाठी तू तीन आठवडे त्याच घेत होतीस! इथल्या औषधाच्या दुकानातल्या काकू म्हणाल्या, "बहिणीला सांग, गोळी म्हणजे कालची भाजी नव्हे, संपवून टाकायला."

डॉक्टरांनी आता लिहून दिलेली जेनेरिक गोळी महागड्या कंपनीच्या गोळीचंच काम करते आणि निम्म्या किमतीत मिळते, असंही त्या म्हणाल्या. तेव्हा काटकसर तिथे कर. चक्कर थांबली ना? खरं सांग.

आईच्या गोळ्या टाकवत नसतील तर राहू देत. मी आलो की दोघं मिळून टाकू. मलाही एकट्याला जमलं नसतं.

तुझा,
धाकटा